टायरांची हजेरी

मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या नकला केल्या, त्यात एकच माणूस असा निघाला की नक्कल कमी पडली आणि माणूस उरला. शाळेत हेडमास्तरांची नक्कल करायचो तेव्हा पोरं बोलायची, सर एवढे पण वाईट नाहीत, तू वाढवून सांगतोस. उल्हासनगरला फर्निचरचा टेम्पो चालवायचो तेव्हा आमच्या सिंधी शेठची करायचो, आणि शेठ स्वतः खुर्चीत बसून पोट धरून हसायचा, "साईं, मैं ऐसा बोलता हूँ क्या?" म्हणजे तिथेही थोडा मीठमसाला माझ्या खिशातला होताच. पण आमच्या मास्तरांच्या बाबतीत माझा सगळा मसाला सांडला. मी कितीही वाढवून केलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात गेलो की ते माझ्या नकलेच्या दोन पावलं पुढे असायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नाहीत. मास्तर ट्रकचे ड्रायव्हर. मला बदलापूर-कटाई रोडवरच्या एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागली, तिथे भेटले. कंपनी इतकी मोठी की गाडी आधी मोबाईलवर चालू होते, मग चावीवर. केबिनमध्ये कॅमेरा, बेल्ट नाही लावला तर बोंबलणारी शिट्टी, एसी खोलीत पंधरा दिवस शाळा. ती शाळा झाली की नव्या ड्रायव्हरला तीस दिवस एका जुन्या ड्रायव्हरसोबत जोडतात. तो शिकवतो, बघतो, आणि शेवटी एका फॉर्मवर 'ओके' लिहून सही करतो. सही झाली की तुम्हाला स्वतःची गाडी. नाही झाली की तुम्ही शिकाऊ. कंपनीत सगळं मोबाईलवर, पण हा एकच फॉर्म कागदाचा होता, आणि तो आपणच सांभाळायचा होता. मी तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि कुळगावात आईला सांगितलं, महिन्याभरात माझी स्वतःची दहा टायरी. आईने संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत सांगून टाकलं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला यार्डात पोचलो. सांगितलेल्या गाडीजवळ एक माणूस उभा. अंगाने इतका बारीक की पांढरा इस्त्रीचा शर्ट अजून हँगरवरच आहे असं वाटावं. चष्मा दोरीने गळ्यात, एका हातात पेरूच्या लाकडाचा दंडुका, आणि खिशात जिथे लोक पेन ठेवतात तिथे तीन खडू. मी वाकून बोललो, "नमस्ते उस्ताद."

"उस्ताद कोन?" ते माझ्या तोंडाकडे बघत बोलले. "हितं काय कुस्त्या लावल्यात? मना मास्तर बोल."

मास्तर पालेगावचे, पिढीजात शेतकरी. त्यांच्या बोलण्यात गाडीची गारी होते आणि शाळेची शाला. त्यांच्या वडिलांना मुलगा शिक्षक व्हायला हवा होता. डी.एड.ला नंबरही लागला होता असं ते सांगायचे. पण त्याच वर्षी वडील गेले आणि घरात चालू वस्तू एकच उरली, ट्रॅक्टर. त्याच्यावर जे बसले ते मग उठलेच नाहीत, फक्त गाडी मोठी होत गेली. शेताच्या जागी आता सात मजली बिल्डिंग आहे आणि मास्तर तिच्यात तिसऱ्या मजल्यावर राहतात. कोणी पत्ता विचारला तर मात्र बोलायचे, "मी खल्यावर रातो." कारण हिशोबाने त्यांची बेडरूम बरोबर खळ्यावर येते. किचनमध्ये वाल होता. "आनि हॉलमधी बैल बांधायचो," ते शांतपणे सांगायचे, "आथा पावने आले का तितंच बसवतो."

तर अशा माणसाने पहिल्याच दिवशी मला गाडीची चावी दिली. बरोबरच्या बाकी पोरांचे उस्ताद त्यांना पंधरा पंधरा दिवस शेजारी बसवून ठेवायचे, फक्त काच पुसायला लावायचे. मला पहिल्या दिवशी स्टिअरिंग! मी कुळगावच्या नाक्यावर सांगितलं, एका नजरेत टॅलेंट ओळखतो तो माणूस. आता आठवलं की कान गरम होतात.

पण चावी दिली तरी फिरवायची नाही. आधी हजेरी. मास्तर गाडीच्या पुढच्या डाव्या टायरपाशी उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि अख्ख्या यार्डाला जाईल अशा आवाजात ओरडायचे, "एक नंबर!" मग टायरवर दंडुका मारायचे आणि मान तिरकी करून थांबायचे. हवा पुरी असेल तर टायर टण्ण वाजतो, कमी असेल तर धप्प. समाधान झालं की खडूने टायरवर बरोबरची खूण. मग "दोन नंबर!" असे दहा टायर. कंपनीने एसी खोलीत आम्हाला हवेचं मीटर वापरायला शिकवलं होतं. मास्तर ते मीटरही लावायचे, पण हजेरीनंतर. बोलायचे, "डॉक्टर पन आधी नाव इचारतो, मग सुई लावतो."

प्रत्येक टायरचा स्वभाव त्यांना पाठ. एक आणि दोन पहिल्या बाकावरचे, हुशार, पण चुगलखोर, कारण पुढच्या टायरला काही झालं की ते लगेच स्टिअरिंगकडे तक्रार करतात. मागे जोडीजोडीने आठ. त्यात बाहेरचे सज्जन, आतले बेरकी. सगळ्यात वाईट आठ नंबर, सगळ्यात मागच्या जोडीतला डावीकडचा आतला. "ह्यो मागच्या बाकावरचा," मास्तर मला बोलले. "भाईरच्याच्या आड बसतो. दिसत नय. ह्याच्यातली हवा गेली तरी शेजारचा उचलून धरतो, म्हनून कलत पन नय. आनि मग घाटात एकदम दोघंव बसतात." स्टेपनी त्यांच्या लेखी बदली मास्तर होता. काम पडलं तर येणार, नाहीतर वर्षभर सावलीत. मधेच कोणी बोललं तर हजेरी पहिल्यापासून. एकदा गेटवरचा सुपरवायझर सात नंबरच्या वेळी ओरडला, "मास्टर, निकलो जल्दी, पार्टी का फोन आया है!" मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, शांतपणे पुढे गेले, आणि "एक नंबर!" सुपरवायझर दहा मिनिटांनी परत ओरडायला आला आणि तोंडावर हात ठेवून परत गेला.

केबिनमधल्या कॅमेऱ्याची सगळ्या ड्रायव्हरांना चीड. कोणी त्याच्यावर टोपी टांगतं, कोणी शिव्या घालतं. मास्तर त्याला सकाळी नमस्कार करायचे. कोणीतरी बिचारा दिवसभर तिकडे बसून आपल्याकडे बघतोय, एवढी माणुसकी नको? जांभई आली तर तोंडावर हात धरून आधी कॅमेऱ्याला सांगायचे, "साहेब, जांभय हाय, झोप नय." सुकट-भाकरीचा डबा अकराच्या ठोक्याला, गाडी बाजूला लावून. तेव्हाही एकदा कॅमेऱ्याकडे डबा धरून, "या जेवाला."

आणि हॉर्न. दिवसाला तीन. चौथा वाजवला तर दुसऱ्या दिवशीच्या हिश्शातून कापायचे. हॉर्न म्हणजे त्यांच्या मते वर्गात ओरडणं, आणि ज्या मास्तराला सारखं ओरडावं लागतं त्याला शिकवता येत नाही. एकदा अंबरनाथहून माल भरून उल्हासनगरच्या बाजारातून चाललो होतो. तिथे माझे तिन्ही हॉर्न पहिल्या दोन चौकांत संपले. पुढे एका दुकानासमोर टेम्पो आडवा, जीन्सचे गठ्ठे उतरतायत, मागे रिक्षांची रांग. मी मास्तरांकडे बघितलं. ते आरशात बघत बोलले, "उतर. देवानं तोंड दिलंय ना? जाऊन सांग." मी उतरलो, आणि तोंड दिलंच आहे तर म्हणून आमच्या जुन्या शेठच्या आवाजात सुरू झालो, "साईं, थोड़ा साइड दो ना, मेरा बीपी बढ़ता है!" दुकानदार आधी दचकला, मग हसला, मग स्वतः येऊन टेम्पो पुढे घ्यायला लावला. मी वर चढलो तर मास्तर माझ्या तोंडाकडेच बघत होते. मी काही बोललो की ते नेहमी तोंडाकडे बघायचे. मला वाटायचं, ह्यांना माझी नक्कल आवडते.

अशा माणसाची नक्कल न करणं हे मला जमणारं नव्हतं. यार्डाच्या कँटीनमध्ये रोज चहाला माझा खेळ असायचा. चमचा हातात घेऊन मी बाकड्यावर बसलेल्या ड्रायव्हरांना एकेक करून डोक्यात टकटक करायचो, "एक नंबर! हजर! दोन नंबर! पोट कमी कर! आठ नंबर! आड कशाला लपतो, जल्ला, मान वर कर!" एके दिवशी हसू अगदी टिपेला असताना एकदम विझलं. माझ्या मागे मास्तर, हातात चहाचा ग्लास.

मी उभा राहिलो. चमचा लपवावा की ठेवावा कळेना. मास्तर ग्लास बाकड्यावर ठेवत बोलले, "परत कर. आठ नंबर."

"नाही मास्तर, चुकलं."

"चुकलंच. आठ नंबर तसा नय वाजत. तो मोकला नय वाजत, दबून वाजतो. सकाली गारीवर ये, दाखवतो."

दुसऱ्या दिवसापासून माझी शिक्षा सुरू झाली. हजेरीला मास्तर दंडुका मारणार आणि टायर जसा वाजला तसा आवाज मी तोंडाने काढणार. "मी ठोकनार, तू वाजनार." तेही त्यांच्यासमोर उभं राहून, तोंड नीट उघडून. तर रोज सकाळी पावणेसातला अख्ख्या यार्डासमोर मी, लायसन्सवाला माणूस, दहा टायरांचे आवाज काढायचो. टण्ण. टण्ण. टाण्ण. डंग. लोक चहा घेऊन बघायला यायचे. हवा भरणारा आमचा एक जौनपूरचा माणूस होता, तो तर रोज टाळ्या वाजवायचा, "वाह, आज तो सात नंबर सुर में था." मला वाटायचं, नक्कल केली म्हणून मास्तर माझी जिरवतायत. पण खोटं कशाला बोलू, मजाही यायला लागली. दहा टायरांचे दहा आवाज वेगळे असतात, आणि डोळे मिटून मी ते ओळखायला लागलो होतो.

तीस दिवस झाले. मी खिशातून फॉर्म काढला. घामाने त्याची घडी मऊ पडली होती. मास्तरांनी तो उघडला, वाचला, परत घडी घातली. "आठ नंबर अजून कच्चा हाय." पंधरा दिवसांनी परत दिला. "थोरं थांब." बरोबरची पोरं एकेक करून निघून गेली, एक नाशिकला, एक थेट इंदूरला. आपापल्या स्टिअरिंगबरोबर फोटो टाकायची. इकडे आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "काय ओ, गाडी आली का पोराची?" आणि आई बोलायची, "त्याला मोठीच गाडी देणारेत, म्हणून वेळ लागतोय." घरी आली की माझ्याकडे बघायची, पण विचारायची नाही. ते जास्त लागायचं. मी चांगली गाडी चालवत होतो, मला माहीत होतं. मास्तरांनाही माहीत होतं. मग सही अडवून हा माणूस माझ्याकडून काय काढतोय?

तो राग मी माझ्या पद्धतीने काढला. पन्नासावा दिवस असेल. हजेरी चालू होती. मास्तरांनी आठ नंबरवर दंडुका मारला. टायर स्वच्छ वाजला, डंग, नेहमीसारखा. आणि मी त्यांच्यासमोर तोंड उघडून जोरात काढला, "धप्प!"

मला वाटलं होतं, दंडुका माझ्या पाठीत बसेल. मास्तर ओरडतील, लोक हसतील, विषय संपेल. मास्तरांनी खडू काढला, आठ नंबरवर फुली मारली, आणि हाक मारली, "हवा बघ रं!"

जौनपूरवाला मीटर घेऊन आला, आत हात घालून लावलं, काढलं, परत लावलं. "मास्टर, ये तो एकदम टाइट है." तो हसला. "आज कान घर पे छोड़ आए क्या?"

बाजूचे दोघंतिघं हसले. मी नाही हसलो. कारण मास्तर माझ्याकडे बघत होते आणि मला एका झटक्यात सगळं कळलं. पहिल्या दिवशीची चावी. माझ्या तोंडाकडे बघणं. सारखं आरशात बघणं. समोर उभं राहा, तोंड नीट उघड. टॅलेंट वगैरे काही नव्हतं. नकलेची शिक्षा त्यांना द्यायचीच नव्हती, ती नक्कल त्यांना वापरायची होती. मास्तरांना ऐकू येत नव्हतं.

त्यांनी हाताच्या तळव्याने फुली पुसली, बरोबरची खूण केली आणि नऊ नंबरकडे गेले. नऊ आणि दहाचा आवाज त्यांनी मला विचारला नाही.

अकरा वाजता खोणीच्या पुढे गाडी लावली. डबा उघडला. अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. कॅमेऱ्याला या जेवाला बोलले नाहीत. उरलेली अर्धी मोडत बोलले, "आठ नंबर खोटा बोल्ला नय. तू बोल्लास."

मी बोललो, "मास्तर, कधीपासून?"

"डावा जुनाच गेलेला. उजवा हिवाल्यापासून. मोठी मानसं, गेटवरची बोंब, येवरं येतं. टायर नय येत." ते दंडुका मांडीवर घेऊन बसले होते. "हाताला थोरं कलतं. लाकूर हाताला सांगतं. भाईरचे सगले सांगतं. आतला सांगत नय."

"कानातलं मशीन लावा ना."

"लावून पायलं. त्यात सगलेच एकदम ओररतात. इंजिन, पंखा, बायको. टायर येगला येत नय." मग बोलले, "गारी मी चालवत नय पोरा. त्या दिसापासून स्टेरिंगला हात नय लावला. कंपनीकरं मीच बोल्लो, मना शिकाऊ द्या. कान नय त्यानं गारी चालवू नय, येवरं मना कलतं."

ते कसलाही आव न आणता बोलले, म्हणून मला जास्त जड गेलं. म्हणजे त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली की मी जाणार. मी गेलो की पुढचा शिकाऊ मिळेपर्यंत ते एकटे गाडीवर. मग एक तर चालवायची, जे ते करणार नव्हते, नाहीतर साहेबांना सांगायचं, मेडिकल, आणि तीस वर्षांची हजेरी बंद. माझी स्वतःची गाडी आणि त्यांची शेवटची गाडी एकाच कागदात होती, आणि तो कागद माझ्या खिशात होता. मी साहेबांकडे जाऊन एक वाक्य बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी मला दुसरा उस्ताद आणि आठवड्यात सही मिळाली असती. मी तोंडाने काय काय आवाज काढू शकतो, पण ते एक वाक्य काही निघेना.

त्यानंतर हजेरी मास्तर एकटेच घ्यायला लागले. नंबर पुकारायचे, मारायचे, दंडुका हातात घट्ट धरून थांबायचे, खूण करायचे. मी समोर जाऊन उभा राहायचो. ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मी मात्र रोज कान देऊन ऐकायचो, आणि ते मीटर लावेपर्यंत माझा जीव आठ नंबरमध्ये असायचा.

मग तो दिवस आला. सेफ्टीचे साहेब नव्या पोरांची बॅच घेऊन सकाळी यार्डात. पंधरावीस पोरं, सगळ्यांच्या अंगावर नवी कोरी पिवळी जाकिटं. साहेब बोलले, "ये हमारे सबसे पुराने ट्रेनर हैं. बिना मीटर के हवा बताते हैं. देखो और सीखो." आमच्या गाडीत बदलापूरच्या एमआयडीसीतून भरलेले केमिकलचे ड्रम होते, घाट चढून पलीकडे जायचं होतं. मास्तरांनी शर्ट खाली ओढला. माझ्याकडे एकदा बघितलं. आणि पुकारलं, "एक नंबर!"

टण्ण. दोन, तीन, चार. साहेब मोबाईलवर शूटिंग करत होते. सात. मग मास्तर खाली वाकले, दंडुका आत घातला, "आठ नंबर!" आणि मारला.

धप्प.

मी हवावाल्याकडे बघितलं. तो लांब, कॉम्प्रेसरजवळ, मशीन चालू. बाकी कोणाला फरक कळला नव्हता. इतके दिवस त्या टायरचा आवाज काढलेला मी एकटाच होतो. मास्तरांनी दंडुका क्षणभर तसाच धरला, खडू काढला, आणि बरोबरची खूण केली.

मी ओरडून बोललो असतो, मास्तर, आठ नंबर बसलाय, तर सगळ्यांसमोर काय उघडं पडलं असतं ते मला दिसत होतं. आज साहेबांसमोर ते मीटरला हात लावणार नव्हते, आणि गप्प बसलो तर पुढे घाट होता. मग मी जे एकच मला येतं ते केलं. गर्दीतून पुढे झालो, त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो, तोंड मोठं उघडलं, आणि आवाज काढला, "धप्प!"

पोरं फुटली. साहेब खेकसले, "ए, मज़ाक नहीं! नाम क्या है इसका?"

मास्तर हसले नाहीत. ह्याच टायरवर, ह्याच तोंडाने मी त्यांना एकदा खोटं बोललो होतो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मग पहिल्यांदाच वर डोळ्यांत बघितलं. परत वाकले. परत मारला. "बोल."

"धप्प."

"परत."

"धप्प, मास्तर."

त्यांनी तळहाताने खूण पुसली आणि फुली मारली. हवावाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावलं आणि आ केला. हवा निम्म्याच्या खाली. टायर उतरवला तर आतल्या बाजूला हा एवढा स्क्रू, वळून आत गेलेला.

साहेब एकदम खूश. "देखा? एक बार में डाउट हुआ, दो बार में पकड़ लिया. उमर हो गई, पर कान वही है! ताली बजाओ." सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मनापासून. प्रकरण तिथेच मिटलं असतं, सगळं नीट झालं असतं. मास्तर अजून वर्षभर आरामात हजेरी घेत राहिले असते आणि मी आवाज काढत राहिलो असतो, मी ते मनात ठरवूनही टाकलं होतं.

मास्तर खडूचा हात पँटला पुसत उभे होते. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. टाळ्या थांबल्या हे त्यांना हात बघूनच कळलं असणार. मग बोलले, "साहेब, कान माझा नय. माझे दोनी गेले. कान ह्या पोराचा हाय."

साहेबांनी मोबाईल खाली केला.

"फॉर्म दे," मास्तर मला बोलले. मी दिला नाही. उगाच खिशावर हात ठेवून उभा राहिलो. त्यांनी माझा हात बाजूला करून स्वतः खिशातून काढला, गाडीच्या मडगार्डवर पसरला, चष्मा लावला. 'ओके' लिहिलं, सही केली, तारीख घातली. खाली शेऱ्याची एक रिकामी जागा असते, तिथे कोणी काही लिहीत नाही. तिथे मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'आवाज स्पष्ट.'

साहेब चांगले निघाले. ओरडले नाहीत, मास्तरांना बाजूला नेऊन चहा पाजला. पण गाडी त्याच दिवशी काढून घेतली. गाडीला ड्रायव्हर नाही, म्हणून ती मलाच मिळाली, आठ नंबरसकट. आईने आळीत पेढे वाटले. फोटोला मी हसायला गेलो, तर आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचा तरी चेहरा करता आला नाही, माझाच.

काही महिने मास्तर गेटवर बसायचे, रजिस्टर घेऊन. मी सकाळी त्यांचा दंडुका घेऊन हजेरी घ्यायचो आणि मुद्दाम गेटकडे तोंड करून एकेक आवाज काढायचो, तोंड मोठं उघडून, लांबून दिसेल असं. दहावा झाला की ते तिकडून हवेत बरोबरची खूण करायचे. मग गाडी सुटायची. नवी पोरं विचारायची, "हे काय करता तुम्ही?" मी त्यांना सांगत बसलो नाही. आता कँटीनमध्ये मी सगळ्यांच्या नकला करतो, साहेबांची, हवावाल्याची, सुपरवायझरची. मास्तरांची फर्माईश आली की चहा गरम आहे असं काहीतरी बोलतो.

गेल्या वर्षी ते रिटायर झाले. खळ्यावर राहतात. मी माझे तीन हॉर्न फार सांभाळून वापरतो. पहिले दोन कसेही जावोत, तिसरा मी पालेगावच्या फाट्यापर्यंत शिल्लक ठेवतो. तिथून ती बिल्डिंग दिसते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक पांढरा शर्ट, लांबून बघितलं तर वाळत घातलाय असंच वाटेल. मी तिसरा वाजवतो. त्यांना तो ऐकू जात नाही, मला माहीत आहे. घड्याळ बघून उभे राहत असतील, किंवा गॅलरीच्या गजावर हात ठेवून, हाताला थोडं कळतं म्हणून. गाडी वळायच्या आत तो शर्ट हलतो, एक हात वर जातो, आणि हवेत खूण करतो.

फुली आहे की बरोबर, ते तेवढ्या लांबून दिसत नाही. मी बरोबर धरून चालतो.